बॉटल केज : निवड, जोडणी व निगा

सायकलच्या फ्रेमला दोन स्क्रूंनी बसवलेली आणि पाण्याची बाटली धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बॉटल केज, अर्थात बॉटल होल्डर. तिची परीक्षा खड्ड्यात होते. खड्डा येईपर्यंत बाटली कोणतीही केज धरते; खड्डा गेल्यावरही जी धरून असते, तिला चांगली केज म्हणावे. तिच्यात हलणारा भाग एकही नाही. तिला वंगण लागत नाही, चार्जिंग लागत नाही, ॲप तर नाहीच. तरीही ती निवडताना भली भली माणसे ज्या चुका करतात त्या पाहता, विषय दिसतो तितका किरकोळ नसावा.

निवडीची रूढ पद्धत अशी. सायकल घेण्याआधी गिऱ्हाईक महिनाभर चौकशी करते. गिअर किती, ब्रेक डिस्क की रिम, फ्रेम कशाची, यांवर घरात आणि कट्ट्यावर चर्चासत्रे झडतात. सौदा पटतो, पैसे दिले जातात आणि सायकल दुकानाच्या पायरीवरून उतरवता उतरवता दुकानदार विचारतो, “होल्डर टाकून देऊ ना?” गिऱ्हाईक मान डोलावते. पोऱ्याच्या हाताला पहिली लागेल ती केज बसते आणि निवडप्रक्रिया संपते. पुढे बाटली पहिल्यांदा भर चौकात पडते तेव्हा अभ्यासाला सुरुवात होते. मग मात्र तो अभ्यास सायकलच्या अभ्यासापेक्षा लांबतो, कारण शे-दीडशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत केज मिळतात आणि सगळ्यांना काम एकच आहे.

आधी सोपा भाग. सायकल बनवणाऱ्यांचे आपसात सहसा कशावरही एकमत होत नाही. बॉटम ब्रॅकेटची मापे इतकी झाली आहेत की ती मुरलेल्या मिस्त्रीलाही पाठ नसतात. ॲक्सल निराळे, ट्यूबचे व्हॉल्व्ह निराळे. केजपुरते मात्र सगळे शहाण्यासारखे वागले. फ्रेमवरच्या दोन भोकांमधले अंतर ६४ मिलिमीटर, स्क्रू ५ मिलिमीटर जाडीचे आणि बाटलीचा व्यास सुमारे ७३ ते ७४ मिलिमीटर, हे जवळजवळ जगभर चालते. इटलीतली केज लुधियानातल्या फ्रेमवर बसते आणि तिच्यात चिनी बाटली राहते. संयुक्त राष्ट्रसंघाला न जमलेले काम दोन स्क्रूंनी केले आहे. त्यामुळे ‘ही आमच्या सायकलला बसेल का?’ हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न गौण ठरतो. बाटली तिच्यात बसून राहील का, हे कोणी विचारत नाही.

बाटलीला फ्रेमवरची ही जागा मिळायला वेळ लागला. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या छायाचित्रांत स्वारांच्या बाटल्या हँडलवर, तारेच्या केजमध्ये दिसतात. बाटल्या धातूच्या आणि तोंडाला बूच. पाणी कायम डोळ्यांसमोर असे, पण ते सगळे वजन हँडलवर असल्याने प्रत्येक वळणाला बाटलीचेही मत विचारात घ्यावे लागे. पुढे बाटली खाली उतरली आणि फ्रेमच्या तिरप्या नळीवर, म्हणजे डाउन ट्यूबवर, स्थिरावली. दुसरी बाटली सीटखालच्या उभ्या नळीवर गेली. वजन मधोमध आणि जमिनीच्या जवळ राहते, हा या जागेचा फायदा. पाणी पिण्यासाठी दरवेळी वाकावे लागते, ही तिची किंमत.

सायकलविश्वातले एक अतिप्रसिद्ध छायाचित्र बाटलीचेच आहे. १९५२ च्या टूरमध्ये फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली हे इटलीचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी घाट चढताना एकाच बाटलीला हात लावून आहेत. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे छायाचित्रावरून ठरत नाही, आणि त्यावर इटलीत वर्षानुवर्षे वाद झाले. ज्याच्या केजमधून बाटली निघाली तो मोठ्या मनाचा, एवढे दोन्ही पक्षांना मान्य होते. केजकडे मात्र दोन्ही पक्षांतल्या कोणी पाहिले नाही.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, पुढे बाटलीचेही नियम केले. शर्यतीच्या सायकलवर बाटली डाउन ट्यूब किंवा सीट ट्यूबवर, तीही फ्रेमच्या आतल्या बाजूलाच असावी. तिच्या आडव्या छेदाचे माप ४ सेंटिमीटरपेक्षा कमी व १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. तिच्यात ४०० ते ८०० मिलिलिटर पाणी मावावे. वारा कापण्यासाठी बाटल्यांना नाना आकार दिले जात होते आणि बाटलीत पाणी भरायचे असते हे मागे पडत चालले होते, ते या नियमाने पुन्हा पुढे आले. २०२१ मध्ये आणखी एक नियम आला : रिकामी बाटली ठरवून दिलेल्या टप्प्यातच टाकायची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टूर ऑफ फ्लँडर्समध्ये मिखाएल शेर या स्विस स्वाराने बाटली रस्त्याकडेच्या प्रेक्षकांच्या दिशेने टाकली आणि तो शर्यतीतून बाद झाला. हा नियम आपल्याकडे लावला, तर रविवारी पहाटे पुण्याहून लोणावळ्याला निघालेल्यांपैकी निम्मे देहूरोडच्या आतच बाद होतील. त्यांच्या बाटल्या मुद्दाम टाकलेल्या नसतात, एवढेच त्यांना बचावात सांगता येईल.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. पहिला नियम असा की केजच्या आधी बाटली ठरवावी. सायकलसाठी बनवलेली मऊ प्लास्टिकची बाटली ही केजची खरी जोडीदारीण. तिच्या कमरेला एक खाच असते आणि केजच्या वरच्या टोकाला एक छोटी जीभ. बाटली खाली दाबली की जीभ खाचेत बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. हा आवाज आला नाही, तर बाटली केजमध्ये टेकलेली आहे, बसलेली नाही. व्यवहारात मात्र या केजमध्ये घरात असेल ती बाटली कोंबली जाते. दुकानातली लिटरची पाण्याची बाटली अंगाने आडवी. ती आत जाताना केजची ताकद काढते. अर्ध्या लिटरची सडपातळ. ती आतल्या आत खुळखुळते आणि पहिल्या गतिरोधकाला निरोप घेते. मुलांच्या शाळेच्या बाटलीला कडी असते आणि ती कडी गुडघ्याला लागते.

आरोग्याविषयी जागरूक मंडळी तांब्याची बाटली आणतात. तिचे पाणी गुणकारी असेल, पण अंग गुळगुळीत, खाच नाही आणि झाकण आट्याचे. ते उघडायला दोन हात लागतात, म्हणजे हँडलला उरतो शून्य. स्टीलच्या थर्मासमध्ये पाणी थंड राहते आणि नागपूरच्या मे महिन्यात ही मोठीच गोष्ट आहे, कारण तिथे साध्या बाटलीतल्या पाण्यात अकरा वाजता चहाची पत्ती टाकायचीच तेवढी बाकी राहते. पण भरलेला थर्मास जड असतो. तो साध्या केजला पेलत नाही. पेलला तरी दर खड्ड्याला वाजतो. ज्यांना दुकानातल्या बाटलीवाचून चालत नाही त्यांच्यासाठी कमी-जास्त करता येणाऱ्या केज मिळतात. त्या देखण्या नसतात, पण मोठी बाटली धरतात. देखण्या केजला ही भाषा कळत नाही.

दुसरा मुद्दा केज कशाची असावी हा. प्लास्टिकची सर्वांत स्वस्त. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची चांगली केज हलकी, चिवट आणि घट्ट असते. साध्या प्लास्टिकची सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन उन्हाळे खाल्ल्यावर सैलावते आणि बाटली धरण्याऐवजी तिच्या शेजारी उभी राहते. ॲल्युमिनियमची केज म्हणजे वाकवलेली सळई. तिचा मोठा गुण हा की ती सैल झाली तर हाताने दाबून घट्ट करता येते. दोष हा की असे वारंवार केले तर धातू थकतो आणि जोडाजवळ तुटतो. रंग उडालेली ॲल्युमिनियमची केज बाटलीवर काळे ओरखडे सोडते. ते घासून निघत नाहीत आणि घरात बाटली ‘नीट न धुतल्याचा’ ठपका मात्र सायकल चालवणाऱ्यावर येतो.

स्टेनलेस स्टीलची केज बारीक नळीची, सुमारे ५० ग्रॅम वजनाची, न गंजणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी असते. स्टीलवर इथल्या घरांचा विश्वास जुना आहे; तरी सायकलच्या दुकानात तीच शोधावी लागते. टायटॅनियमची त्याहून हलकी आणि तितकीच चिवट. किंमत अशी की मृत्युपत्रात तिचा वेगळा उल्लेख करावा. उरली कार्बनची. ती २०-३० ग्रॅमची, काळी, चकचकीत आणि महाग. कार्बन वाकत नाही, तडकतो, म्हणून सैल कार्बन केज दाबून घट्ट करता येत नाही; नवीच घ्यावी लागते. काही कार्बन केज बाटली अतिशय उत्तम धरतात, काही अजिबात धरत नाहीत. दोन्हींची किंमत सारखीच असते.

वजनाचा हिशेब इथेच उरकावा. ॲल्युमिनियमची साधी केज ६० ग्रॅमची धरली आणि कार्बनची २५ ग्रॅमची, तर बचत ३५ ग्रॅम. या केजमध्ये जी बाटली बसणार तिच्यात पाऊण लिटर पाणी, म्हणजे ७५० ग्रॅम. बाटली काठोकाठ भरण्याऐवजी जेमतेम आडव्या करंगळीएवढी कमी भरली, तर तेवढीच बचत फुकटात होते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळवायला निघालेल्या स्वाराला हे ३५ ग्रॅम कदाचित दिसतील. घाटाच्या पायथ्याला मिसळ, वर पाव जास्तीचे दोन आणि परतीच्या वाटेवर उसाचा रस, असा ज्यांचा कार्यक्रम असतो, त्यांनी ग्रॅमचा विषय वेटर यायच्या आत संपवलेला बरा.

रंग हा तिसरा मुद्दा. तो खरे तर शेवटचा असायला हवा, पण निवड होते ती त्यावरच. लाल फ्रेमला लाल केज, तिला शोभेल अशी टेप, टेपला शोभेल असा मोजा. ही साखळी बाटलीपाशी तुटते, कारण बाटली कुठल्या तरी मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेली, पोपटी रंगाची आणि बँकेची जाहिरात केलेली असते.

चौथा मुद्दा फ्रेमच्या आकाराचा, आणि तो उंच माणसांच्या लक्षात येत नाही. लहान फ्रेममध्ये त्रिकोणातली जागा अपुरी असते. बाटली वर ओढली की ती आडव्या नळीला अडते. मग ती तिरकी करून, पिळून, विनवणी करून बाहेर काढावी लागते. अशा फ्रेमला बाजूने उघडणारी केज घ्यावी. ती घेताना उजव्या बाजूची की डाव्या बाजूची, हे बघावे. ज्या हाताने मागचा ब्रेक धरला जातो त्याच हाताने बाटली काढणारा माणूस उतारावर तहान लागल्यावर अडचणीत येतो. मागे-पुढे दोन्ही शॉकअप असलेल्या माउंटन बाइकच्या फ्रेममध्ये तर बाटलीला कोपराच उरतो. काही फ्रेमना डाउन ट्यूबच्या खालच्या अंगालाही तिसरी भोके असतात. तिथे बाटली लावता येते, पण पुढचे चाक पावसाळ्यात रस्त्यावरचे जे काही उडवते ते प्रथम तिच्या तोंडावर जाते. आपल्या रस्त्यांवर काय काय असते ते आठवून या जागी पंक्चरचे सामान ठेवावे.

रस्ता हा पाचवा आणि सर्वांत मोठा मुद्दा. बाटली पडते कशी, हे जवळून बघण्यासारखे आहे. गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांविना आणि झाडाच्या सावलीत असतो. पुढचे चाक चढते, उतरते. बाटली बोटभर वर येते आणि जीभ खाचेतून सुटते. स्वाराला हे कळत नाही, कारण तो अजून गतिरोधक बांधणाऱ्याविषयी बोलत असतो. मागचे चाक चढते आणि दणक्यात खाली येते, तशी बाटली सुटून हवेत जाते. ती आधी पायडलला लागते, मग रस्त्यावर, आणि घरंगळत मागच्या रिक्षाकडे निघते. रिक्षावाला तिला चुकवतो, हॉर्न देतो आणि जाता जाता काही मार्गदर्शन करतो. स्वार उतरतो, बाटली उचलतो, तिचे तोंड जर्सीला पुसतो आणि तीच तोंडाला लावतो.

यावर उपाय युरोपात सापडतो. उत्तर फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही १८९६ पासूनची शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. असे सुमारे ५५ किलोमीटर तिच्यात असतात. तिथे जगातल्या सर्वांत महाग सायकली धावतात, पण त्या दिवसापुरते अनेक संघांचे मेकॅनिक नाजूक केज काढून धातूची साधी केज लावतात, ती दाबून घट्ट करतात आणि आतून खरखरीत पट्टी चिकटवतात. म्हणजे जगातले उत्तम मेकॅनिक खराब रस्ता समोर आला की कोपऱ्यावरच्या मिस्त्रीसारखाच विचार करतात. त्यांना हा प्रसंग वर्षातून एकदा येतो, एवढाच फरक.

ज्यांच्या फ्रेमला भोकेच नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा. काळ्या, उंच, कॅरिअर-स्टँडवाल्या जुन्या सायकलींना साखळीचे कव्हर, डायनॅमो, घंटी, कुलूप सगळे होते. बाटलीची सोय नव्हती. पाणी प्यायला थांबायचे असते, असा त्या काळचा समज होता. थांबले की ओळखीचे कोणी भेटे, पाण्यामागून चहा येई आणि सायकल तासभर झाडाला टेकून राही. अशा सायकलला पट्ट्याने आवळायची केज मिळते. ती न मिळाल्यास प्लंबरच्या होज क्लिपा दोन घेऊन, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून साधी केज बसवता येते. रबराचा तुकडा विसरला तर क्लिप फ्रेमचा रंग खाते आणि केज फिरत फिरत नळीच्या खालच्या अंगाला जाते. हँडलला लटकवलेली कापडी पिशवी हाही मान्यताप्राप्त उपाय आहे. तिच्यात येताना कोथिंबीरही मावते.

जोडणी पाच मिनिटांची, पण पाच मिनिटांतही बरेच बिघडवता येते. स्क्रूला बहुधा ४ मिलिमीटरची ॲलन की लागते. स्क्रू आधी बोटांनी फिरवून सुरू करावा. तो तिरका गेला आणि वर जोर लावला तर आटे जातात. आट्यांना थोडे ग्रीस लावावे. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा स्क्रू दोन-तीन पावसाळे कोरडा राहिला, तर तो फ्रेमचाच अवयव होतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे लवकरच होते. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या बहुतेक फ्रेममध्ये आटे असलेली छोटी नळी दाबून बसवलेली असते. फाजील ताकद लावली की ती जागच्या जागी फिरू लागते, मग स्क्रू आत जात नाही, बाहेर येत नाही, आणि मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून “कोणी आवळला हा?” असे विचारतो. कार्बनला २ ते ३ न्यूटन-मीटर पुरेत. टॉर्क रेंच नसेल तर ॲलन कीची छोटी बाजू हातात धरून आवळावे, म्हणजे पराक्रमाला आपोआप मर्यादा येते. केज काढून ठेवायची असेल तर स्क्रू भोकांत परत लावून ठेवावेत. उघड्या भोकांतून पावसाचे पाणी फ्रेमच्या पोटात जाते.

निगा म्हणजे महिन्यातून एकदा बघणे. स्क्रू सैल झाले आहेत का, जोडाजवळ चीर आहे का, आत चिखल साचला आहे का, एवढेच. जुनी केज कुरकुरू लागली तर दोष बॉटम ब्रॅकेटला दिला जातो, तो उघडला जातो, बदललाही जातो, कुरकुर राहते. म्हणून सायकल कुठूनही वाजली तरी आधी केजचे दोन स्क्रू आवळून पाहावेत. हा सायकलदुरुस्तीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि म्हणूनच तो सर्वांत शेवटी आठवतो.

राहिला निकाल. ऑफिसला जाणाऱ्याने नायलॉनची बरी केज एक घ्यावी आणि ती विसरून जावी. रविवारवाल्यांनी ॲल्युमिनियमची घ्यावी. ती दाबता येते. ब्रेव्हेवाल्यांना, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेळेत बांधलेल्या फेऱ्या करणाऱ्यांना, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायचे असतात. रात्री दोन वाजता बाटली मागे राहिल्याचे कळणे त्यांना परवडत नाही, तेव्हा त्यांनी स्टीलच्या दोन घ्याव्यात आणि दोन्ही एकसारख्या घ्याव्यात, म्हणजे अंधारात हात चुकत नाही. कार्बनची ज्यांना घ्यायची आहे ते कोणाचे ऐकत नाहीत. केज कोणतीही असो, पैसे देण्याआधी ती दुकानातच बसवून घ्यावी, रोज वापरायची बाटली पाण्याने भरून तिच्यात ठेवावी, आणि सायकलचे पुढचे चाक वीतभर उचलून सोडून द्यावे. दुकानदार नाराज होईल. बाटली जागेवर राहिली तर केज घ्यावी. पडली तर दुसरी मागावी.